बसऱ्याला गेलेल्यांची नावं शोधताना

कोकणात नाहीतर साताऱ्याच्या पट्ट्यात एखाद्या गावात शिरलं की चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची लहानशी पाटी दिसते. मजकूर इंग्रजीत, आणि साचा ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक माणसं गेली, पैकी अमुकांनी प्राण दिले. नावं नाहीत, पलटण नाही. दोन आकडे, झालं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलं; तिथे हा इतिहास जिवंत आहे. बाकी बहुतेक गावांत विचारलं तर 'इंग्रजाच्या वेळचा दगड आहे' एवढंच कळतं.

त्या दुसऱ्या आकड्याची नावं लावण्याचं काम आम्ही करतो. ते कुठल्या क्रमाने करावं आणि कुठे अडतं, ते इथे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण संगणकापासून सुरुवात करतात आणि चार दिवसांत कंटाळतात. सुरुवात दगडापासून करायची.

पाटीवर चुन्याचे थर असतात, पावसाळ्यातली काळी बुरशी असते, कधी भिंत रंगवणाऱ्याने ऑइलपेंटचा हात पाटीवरूनही फिरवलेला असतो. पाण्याचा थेंबही लावण्याआधी फोटो काढायचे. कॅमेरा पाटीच्या बरोबर समोर, शेजारी मोजपट्टी. भर दुपारच्या उजेडात झिजलेलं कोरीव अक्षर दिसतच नाही. संध्याकाळी अंधारून आलं की टॉर्च पाटीच्या कडेला, भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उजेड दगडाच्या पाठीवरून सरपटत जातो, खाचेत उतरत नाही आणि अक्षर काळं होऊन उठून दिसतं. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. एका बाजूने ३ वाटणारा आकडा दुसऱ्या बाजूने ८ निघतो. दिवसाच उरकायचं असेल तर एकाने आरसा घेऊन उन्हात उभं राहायचं आणि कवडसा पाटीवर तिरका पाडायचा. अक्षरांत पीठ, खडूची पूड किंवा दाढीचा फेस भरून वाचायचा प्रकार करू नका. त्यातलं काही ना काही दगडाच्या छिद्रांत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला खाऊ होतं.

आकडाच गेला असेल तर इंग्रजी वाक्याचा शेवट बघा. मेलेला एकच असेल तर तिथे 'त्याचा' असं एकवचन असतं, जास्त असतील तर 'त्यांचे'. अंक पुसला तरी शब्दाची दोन-चार अक्षरं शिल्लक असतात, आणि एक की अनेक एवढं तरी ठरतं.

'१९१९ कसं, लढाई तर १९१८ ला संपली' हा प्रश्न गावात हमखास येतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये झाली ती शस्त्रसंधी. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. त्या युद्धाच्या विजयपदकावरही १९१४-१९१९ असंच आहे. पाटी चुकलेली नाही.

आता साफसफाई. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाने तो विरघळतो. संडास धुवायचं ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळंच बाद. पाटीवर ॲसिड ओतलं की फसफसतं, दगड क्षणात पांढराशुभ्र दिसतो आणि ओतणाऱ्याला वाटतं काय झकास निघालं. ते फसफसणं म्हणजे अक्षराची धार जात असते. तारेचा ब्रश आणि गाडी धुवायचा प्रेशरचा फवाराही त्याच यादीत. लागतं ते एवढंच: पाच लिटर स्वच्छ पाणी, त्यात चहाचा एक चमचा सौम्य द्रवसाबण, दोन मऊ टूथब्रश आणि बांबूच्या कामट्या. आधी पाटी साध्या पाण्याने पूर्ण भिजवायची, मग खालून वर घासत जायचं. वरून सुरुवात केली की मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळतं आणि ते ओघळ दगड पिऊन टाकतो. कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर आधी करून बघा. चुन्याचे थर भिजवून कामटीने हळूहळू उचलायचे. बांबू संगमरवरापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. देवळाच्या भिंतीतल्या पाटीवर तेलकट काजळी असते. तिला मुलतानी मातीचा बोटभर जाड लेप द्यायचा, वर प्लॅस्टिक लावून एक दिवस ठेवायचा, मग उघडा करून वाळू द्यायचा. वाळताना डाग ओढला जातो, पण एका लेपात भागत नाही, दोन-तीन द्यावे लागतात. हे काम नोव्हेंबरनंतर करावं. पावसाळ्यात भिंतच ओली असते, दगड वाळत नाही. अक्षरांत काळं भरण असेल तर ते उकरू नका आणि नवा काळा रंगही भरू नका. रंगारी इंग्रजी वाचणारा नसेल तर ५ चा ६ करून ठेवतो, आणि मग पुढच्या माणसाचा सगळा हिशेबच चुकतो.

दगड झाला की माणसांकडे. म्हाताऱ्या माणसाला 'पहिल्या महायुद्धात कोण गेलं होतं' असं विचारून काही मिळत नाही. 'जर्मनच्या लढाईत', 'बसऱ्याला', 'बगदादला' (दोन्ही आजच्या इराकमधली शहरं) असे शब्द वापरा. 'रंगरूट म्हणून कोण धरून नेले होते', 'कुठल्या घरात पेन्शन यायची' हे विचारा. आणि मुख्य म्हणजे बिल्ला विचारा. घरात तीन तऱ्हेच्या वस्तू निघू शकतात.

पहिली, ब्रिटिश युद्धपदक: ३६ मिलिमीटर व्यासाचं, लढाऊ शिपायाला चांदीचं, मजूर दलाच्या माणसाला ब्राँझचं. चांदीची पुष्कळशी सोनाराकडे जाऊन वितळली. उरलं असेल तर चेहरामोहरा बघत बसू नका, कडा वाचा. कडेवर शिपाई नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सगळा इतिहास त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीत आहे. भिंग आणि टॉर्च घ्या, पदक सावकाश फिरवा, अक्षर कळलं नाही तर जसं दिसतं तसं उतरवा, अंदाजाने पुरं करू नका. घरच्यांनी दसऱ्याला पितांबरी लावून दरवर्षी चकचकीत केलेलं असेल तर कडा गुळगुळीत झालेली असते. दुसरी वस्तू म्हणजे १९१४-१५ चा तारा, ताऱ्याच्या आकाराचं पदक. त्यावर नाव मागच्या सपाट बाजूला असतं. तिसरी म्हणजे मेलेल्याच्या वारसांना दिलेली १२ सेंटिमीटरची ब्राँझची थाळी. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि सिंह आहे. ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक, पण आपल्याकडे त्रिशूळ आणि सिंह म्हटलं की कोण आठवणार? तेव्हा देव्हारा बघायला संकोचू नका. थाळीवर चौकटीत फक्त नाव असतं, हुद्दा नाही, पलटण नाही. सुभेदार असो की शिपाई. मात्र ही थाळी असेल तर तो माणूस नक्की मेला, परत आला नाही. पदक दोघांनाही मिळालं, परतणाऱ्यालाही आणि न परतणाऱ्यालाही. या दोन वस्तूंची गल्लत झाली की परत येऊन म्हातारपणी वारलेला आजोबा हुतात्म्यांच्या यादीत जाऊन बसतो.

नंबर मिळाला तर तो पलटणीसकट लिहून ठेवा. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र होते. तोच नंबर १०५ व्या मराठ्यात वेगळा माणूस आणि ११६ व्यात वेगळा माणूस. नुसता नंबर हाती धरून शोधायला गेलं की भलत्याच गावचा माणूस आपल्या गावच्या नावावर लागतो.

पलटणींची नावं १९२२ मध्ये बदलली, त्यामुळे घरच्या आठवणीतलं नाव आणि कागदावरचं नाव जुळत नाही. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणजे नंतरची पाचव्या मराठ्यांची पहिली पलटण, म्हणजे 'जंगी पलटण'. १०५ वी म्हणजे दुसरी, 'काळी पाचवी'. ११० वी तिसरी झाली. तीच आज पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आहे. ११६ वी चौथी झाली, ११७ वी पाचवी 'रॉयल', आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. 'आजोबा पाचव्या मराठ्यात होते' एवढंच सांगितलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण १९२२ नंतर सगळेच पाचव्यात. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, तेव्हा गावातल्या मोहल्ल्यात विचारलं नाही तर यादी अर्धवट राहते. महारांची १११ वी पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. मोडलेल्या पलटणीच्या आठवणी राखायला पुढे रेजिमेंटच उरत नाही, म्हणून बौद्धवाडीत जाऊन वेगळं विचारावंच लागतं. खडकीच्या सॅपर्सना, म्हणजे फौजेतल्या इंजिनियरिंगच्या शिपायांना, विसरू नका. त्यांच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सात नव शापेलला लढल्या. तिथे गेलेल्या माणसाचं नाव तिथल्याच स्मारकावर कोरलेलं असू शकतं, कारण ते ४,७०० हून अधिक नावांचं स्मारक खास हिंदी फौजेसाठी बांधलेलं आहे.

बसऱ्याचं तसं नाही. मराठा पलटणींचे सगळ्यात जास्त लोक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, आणि ज्यांची कबर सापडत नाही त्यांचं स्मारक म्हणजे बसरा मेमोरियल. चाळीस हजारांवर माणसं त्यावर नोंदली आहेत, पण गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर आणि हिंदी शिपायाचा पलटणीखाली नुसता आकडा. म्हणजे गावातही आकडा आणि तिकडेही आकडा. ही वागणूक असमान होती हे कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केलं. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये ते बसऱ्याच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेलं. नावं कोरलेली नसली तरी नोंदवहीत आहेत, आणि नोंदवही आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते.

तिथे शोधताना नावाने शोधू नका, गावाने शोधा. प्रगत शोधात 'अधिक माहिती' असा रकाना आहे. हिंदी शिपायांच्या बाबतीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा त्यातच असतो. युद्ध पहिलं आणि फौज हिंदी अशी चाळणी लावा आणि रकान्यात आधी तालुका टाका. नंतर त्या निकालांची पूर्ण यादी उतरवून घ्या, ती तक्त्यात मिळते, आणि घरी बसून एकेक गाव मोठ्याने वाचा. मोठ्याने, कारण कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते इंग्रजीत लिहिलंय. डोळ्याला जे गाव परकं वाटतं ते कानाला लगेच ओळखू येतं. चव्हाणचा चोवन होतो, जाधवचा जादू, पवारचा पोवार. ळ चा ल, ण चा न हे तर आलंच. खुर्द-बुद्रुक बहुधा गळतं. आडनावच नसणं हेही नेहमीचं: नुसता 'सखाराम, धोंडूचा मुलगा'. अशा वेळी गावातल्या पाच सखारामांपैकी कुठला, हे ठरवायला बापाचं नाव हाच आधार.

जिल्हे तेव्हाचे टाकायचे. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, पण सावंतवाडी संस्थान वेगळं. रायगड म्हणजे कुलाबा. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, खानापूर साताऱ्यात. भोर, फलटण, औंध, जत ही संस्थानं. आजचा पत्ता टाकून शोधलं की निकाल शून्य येतो आणि माणसं म्हणतात 'आमच्या गावचं काहीच नाही'.

मरणाची तारीख जशीच्या तशी खरी धरू नका, विशेषतः कूतच्या बाबतीत. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून चालवत नेताना आणि पुढे रेल्वेच्या कामावर जी मेली त्यांच्या मरणाला साक्षी कोण? पुष्कळ तारखा नंतर कागदावर ठरवलेल्या आहेत. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने कैद्यांच्या याद्या आणि कार्डं संकेतस्थळावर ठेवली आहेत, तिथे एक फेरी मारावी.

खडकीला धाव घेण्याची घाई करू नका. पुण्याच्या इतकं जवळ युद्धस्मारक म्हटल्यावर सगळे आधी तिकडेच जातात. पण तिथली १९१४-१८ ची १,८०० वर नावं ही हिंदुस्थानातच मेलेल्या आणि ठिकठिकाणच्या छावणी-दफनभूमीत पुरलेल्यांची आहेत. बसऱ्याला गेलेला तिथे नाही. त्यापेक्षा किनाऱ्यावरच्या गावांनी मुंबईत मशीद बंदरचं खलाशांचं घर गाठावं. इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती नावानिशी जपलेली आहे. बोटीवर कोळसा ओढणारा माणूस पलटणीच्या यादीत कसा सापडेल?

आता तहसीलचं रेकॉर्ड. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची वही, सगळे आधी मागतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे तिची बांधणी झाली, कित्येक तालुक्यांत स्कॅनही झाली, त्यामुळे मागणं सोपं झालंय. पण कोतवाल गावात मेलेल्याची खबर देतो. बसऱ्यात मेलेल्याची देत नाही. त्या वहीचा उपयोग उलटा करायचा: यादीतला माणूस गावात मेल्याची नोंद सापडली तर तो यादीतून काढायचा. १९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझाने पानंच्या पानं भरलेली असतात. सुट्टीवर आलेला किंवा नाव कापून (फौज सोडून) परतलेला शिपाई त्यातही निघतो. लढाईत मेलेला माणूस दिसतो तो फेरफारात, गाव नमुना ६ मध्ये: अमुक मयत, वारस बायको किंवा भाऊ. म्हणून १९१६ ते १९२२ चे फेरफार पानोपानी चाळा. नोंदी बहुधा मोडीत असतात, वाचणारा बरोबर न्या, आणि नकलेपेक्षा मूळ पानाचा फोटो मिळतो का बघा. खोती गावात हाही रस्ता अर्धा बंद, कारण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याच्या मरणाने फेरफार होत नाही. तिथे शाळेचं जनरल रजिस्टर कामाला येतं. निदान बापाचं नाव आणि आडनाव एकत्र सापडतं.

एवढं सगळं करूनही आकडा जुळत नाही. धरून चालू की पाटीवर चार आहेत. तुमच्याकडे तीन निघतील नाहीतर सहा. कमी निघाले तर बहुधा एखाद्याने भरतीच्या वेळी मुंबईचा पत्ता दिलेला असतो, किंवा वाडीचं नाव गाव म्हणून सांगितलेलं असतं, किंवा नावच खोटं दिलेलं असतं. जास्त निघाले तर दोन गोष्टी तपासा. आयोग ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतो, पाटीवर मात्र १९१९ आहे. आणि त्याच नावाचं दुसरं गाव शेजारच्या तालुक्यात असतं. आमचा नियम एकच: एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे असल्याशिवाय नाव पक्कं नाही. आयोगाची नोंद आणि घरातली थाळी, किंवा नोंद आणि फेरफार. आयोगाच्या नोंदीवरून छापलेली स्मरणिका आणि आयोगाची नोंद हे दोन पुरावे होत नाहीत, एकच झाला. आकडा जुळवण्यासाठी 'हाच असणार' म्हणून चौथा माणूस बसवायचा मोह फार होतो, विशेषतः १५ ऑगस्ट जवळ आला की. बसवू नका. एकदा दगडावर नाव कोरलं गेलं की ते खोडायला गावात कुणी पुढे येत नाही, आणि मग त्या घराची भावकी कायमची दुखावते.

नावं लावायची ती जुन्या पाटीवर नाही, शेजारी. जुनी पाटी भिंतीतून उपटून नव्या चौथऱ्यावर हलवायची टूम निघते. संगमरवराची ही पातळ पाटी शंभर वर्षं भिंतीत राहिलेली असते, पहारीच्या पहिल्याच हिसक्याला तिला तडा जातो. भिंतच पाडायची असेल तर भोवतालच्या चिऱ्यासकट कापून काढावी. कडेला सिमेंट भरू नका. त्याच्या आड पाणी अडकतं आणि दगड मागून फुगतो. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू पुरते. ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत पाटीची नोंद आहे का तेही त्याच फेरीत विचारा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, म्हणजे पुढच्या बांधकामात ठेकेदार राबिट म्हणून ती फेकून देणार नाही.

नव्या फलकावर वर जुन्या इंग्रजी मजकुराचा मराठी अर्थ, त्याखाली पक्की नावं: नाव, बापाचं नाव, वाडी, पलटण, मृत्यूचं साल, स्मारक. साल कागदावरचं आहे की खात्रीचं, तेही लिहा. हुद्द्याप्रमाणे उतरंड लावू नका, सालाप्रमाणे लावा. फलक ग्रॅनाइटमध्ये कोरून घेण्याऐवजी पितळेच्या पट्ट्या करा, दर माणसाला एक पट्टी, दोन टोकांना दोन पितळी स्क्रू; लोखंडी स्क्रू कोकणात दोन पावसाळ्यांत गंजून पट्टीवर लाल ओघळ सोडतो. पाटीवर चार असतील आणि तीनच सापडले असतील तर चौथ्या पट्टीची भोकं आत्ताच पाडून ठेवा.